तेवढं उत्क्रांतीचं घरी वाचा

माझी एक भाची चंदगडला असते, एक बेळगावात. मधे एसटीनं तासा-दीड तासाचा रस्ता, आजी एकच, घरात बोलायची मराठी पण तीच. दोन वर्षांपूर्वी दोघी एकदमच दहावीला होत्या आणि गणपतीला आजीकडे खानापूर तालुक्यात आल्या तेव्हा अभ्यासाची पुस्तकं घेऊनच आल्या. चंदगडची महाराष्ट्र बोर्डाची, तिच्या विज्ञान भाग २ मधे पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. बेळगावची सीबीएसईची, तिच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात त्याच धड्याचं नाव नुसतं 'हेरेडिटी', म्हणजे आनुवंशिकता ठेवलीय आणि उत्क्रांती काढून टाकलीय. मी चंदगडचीला म्हटलं, बरं झालं बाई, तुला तरी शिकायला मिळालं. तर ती म्हणाली, "कुठलं हो मामा, सरांनी आनुवंशिकता शिकवली आणि तेवढं उत्क्रांतीचं घरी वाचा म्हणाले."

म्हणजे एकीच्या पुस्तकात धडा नाही, दुसरीच्या पुस्तकात धडा आहे पण वर्गात झाला नाही. मी हे लिहायला बसलो ते ह्या दुसरीसाठी, कारण धडा काढला की पेपरात बातमी तरी येते, "घरी वाचा"ची बातमी कुठंच येत नाही. आणि हे वाक्य मी स्वतः पण दहावीत ऐकलंय, इकडं बेळगावच्या बाजूला माझ्या वयाच्या भरपूर लोकांनी ऐकलंय.

आता असं का होतं ते बघण्याआधी उत्क्रांती म्हणजे नेमकं काय ते थोडं बघू, कारण अर्धी भांडणं ही नसलेल्या गोष्टीवरनं होतात.

बेळगावच्या भाजी मार्केटात जावा. कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल शेजारी शेजारी ढिगात असतात. बघायला तिन्हीचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण तिन्ही एकाच जातीची झाडं आहेत. युरोपात समुद्राकडेला उगवणारं मोहरीच्या कुळातलं एक रानटी झाड होतं, त्यातली जाड पानांची झाडं कुणी बियाण्याला ठेवली, कुणी फुगलेल्या दांड्याची ठेवली, कुणी दाट फुलाची, आणि शेकडो पिढ्या असं निवडत निवडत गेल्यावर एकाचा कोबी झाला, दुसऱ्याचा नवलकोल, तिसऱ्याचा फ्लॉवर. इथं निवडणारा माणूस आहे. डार्विननं १८५९ च्या आपल्या पुस्तकात सुरुवात अशीच केली होती, कबुतरं पाळणारे लोक वेगवेगळ्या जाती कशा तयार करतात तिथनं, आणि मग विचारलं की निवडणारा माणूस नसला तर?

त्याचं उत्तर त्याच कोबीच्या शेतात सापडतं. कोबीवर एक बारीक हिरवी अळी पडते, चौकोनी ठिपक्याचा पतंग म्हणतात त्याची. शेतकरी औषध मारतो. हजारातल्या नऊशे पंच्याण्णव मरतात, पाच मरत नाहीत, कारण त्यांच्या अंगात आधीपासनंच काहीतरी थोडा फरक होता ज्यामुळं ते औषध त्यांना बाधलं नाही. आता पुढची पिढी कुणाची? त्या पाचांची. उन्हाळ्यात ह्या किड्याची पिढी जेमतेम दोन-तीन आठवड्यात होते, परत औषध, परत तेच, आणि काही वर्षांनी शेतकरी दुकानात जाऊन सांगतो की ते औषध आता लागू पडत नाही, दुसरं द्या. १९५३ साली जावा बेटावर ह्याच पतंगावर डीडीटी हे औषध चालेना झालं होतं, पिकावरच्या किडीनं डीडीटीला दाद न दिल्याच्या जगातल्या पहिल्या नोंदींपैकी ती एक. कुठल्याच अळीनं ठरवून स्वतःला बदललं नाही. आधीपासनंच थोड्या वेगळ्या असलेल्या जगल्या, त्यांची पिल्लं वाढली, सगळी जमातच बदलली. नैसर्गिक निवड म्हणजे एवढंच. निपाणीच्या तंबाखूवाल्याला नाहीतर कोबी लावणाऱ्याला ही गोष्ट पहिल्यांदा सांगायची गरजच नाही, त्यानं ती खिशातनं पैसे घालून शिकलेली असते, फक्त तिला उत्क्रांती म्हणतात हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

शब्दानं पण थोडा घोळ केलाय. उत्क्रांतीतला 'उत्' म्हणजे वर. त्यामुळं ऐकणाऱ्याच्या डोक्यात लगेच जिना येतो, खाली किडामुंगी, मधे माकड, वर माणूस. पण निसर्गात असा जिना कुठं नाहीये. फांद्या फुटत गेलेलं झाड आहे आणि कोबीवरची अळी पण त्या झाडाच्या एका शेंड्यावरच आहे, आपण दुसऱ्या. जुन्या ग्रंथात तर उत्क्रांती म्हणजे देहातनं जीव निघून जाणं, मरणाच्या वेळचा शब्द तो. नव्या शास्त्रासाठी तो उचलला तेव्हा सोयीचा वाटला असेल, पण त्या 'वर'नं वर्गात फार गैरसमज झालेत.

आणि माकडाचं. "माणूस माकडापासनं झाला तर आता माकडं का उरलीत, ती का माणूस होत नाहीत?" हा प्रश्न दरवर्षी दर वर्गात येतो. ह्याचं उत्तर आपल्याकडं फार सोपं आहे कारण आपल्याला भावकी माहिती आहे. गावात एकाच आडनावाची वीस घरं असतात, सगळ्यांचा खापरपणजोबा एक. म्हणून तुम्ही काय तुमच्या चुलत चुलत भावापासनं जन्मलाय का? नाही. दोघं एका मूळ पुरुषापासनं आलाय, आणि तुम्ही शहरात गेलाय म्हणून तो गावातनं नाहीसा होत नाही. चिंपांझी आपली जवळची भावकी, साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी वाट वेगळी झालेली. देवळाच्या आवारात फिरणारं माकड लांबची भावकी, तिथं गोष्ट कोटींमधे जाते. ज्या गावात वेशीतच मारुतीला हात जोडून पुढं जातात त्या गावात तरी ह्या नात्याची लाज वाटायचं कारण नाही असं मला मनापासनं वाटतं.

तर मग शिक्षक कुठं अडतात?

ह्याचा सगळ्यात जास्त अभ्यास अमेरिकेत झालाय कारण तिथं हे भांडण शंभर वर्षं जुनं आहे. १९२५ च्या जुलैमधे टेनेसी राज्यात डेटन नावाच्या छोट्या गावात जॉन स्कोप्स नावाच्या तरुण शिक्षकावर खटला चालला, गुन्हा काय तर माणूस खालच्या प्राण्यांपासनं आला असं शाळेत शिकवलं. राज्यानं त्याच वर्षी तसा कायदा केला होता, बायबलातल्या निर्मितीच्या गोष्टीविरुद्ध शिकवायचं नाही म्हणून. गंमत अशी की जे पुस्तक वापरलं ते राज्यानंच शाळांना लावलेलं होतं आणि त्यात उत्क्रांती होती. शिक्षकाला १०० डॉलर दंड झाला, १९२७ मधे वरच्या कोर्टानं तांत्रिक कारणावरनं तो रद्द केला, पण कायदा १९६७ पर्यंत तसाच होता. सगळे लोक खटल्याचं नाटक लक्षात ठेवतात, मला त्याच्या नंतरचं जास्त महत्त्वाचं वाटतं. पुस्तक छापणाऱ्यांनी धसका घेतला. पुढची तीसेक वर्षं शाळेच्या बऱ्याच जीवशास्त्राच्या पुस्तकांतनं उत्क्रांती हा शब्द गुपचूप कमी होत गेला. १९५७ ला रशियानं स्पुटनिक हा उपग्रह सोडल्यावर अमेरिकेला आपलं विज्ञान मागं पडलं म्हणून जाग आली आणि साठच्या दशकात तो धडा परत धड आला.

आता कोर्टातनं वर्गात येऊ. २००७ मधे मायकेल बर्कमन आणि एरिक प्लुट्झर ह्या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या हायस्कूलच्या ९२६ जीवशास्त्र शिक्षकांना विचारलं की तुम्ही हे नेमकं कसं शिकवता, आणि २०११ मधे निकाल छापला. साधारण २८ टक्के शिक्षक उत्क्रांती नीट, सरळ शिकवत होते. १३ टक्के उघडपणे देवानं केलेल्या निर्मितीची बाजू मांडत होते. आणि राहिलेले साधारण ६० टक्के? ते मधे. विरोध करत नव्हते आणि शिकवत पण नव्हते. कुणी फक्त जनुकांपुरतं बोलायचं आणि माणसाचं नाव काढायचं नाही, कुणी म्हणायचं बाबांनो परीक्षेला आहे म्हणून करा, तुम्ही मानलंच पाहिजे असं नाही, कुणी म्हणायचं दोन्ही बाजू ऐका आणि तुमचं तुम्ही ठरवा. त्यातल्या बऱ्याच जणांना खुद्द उत्क्रांतीवर आक्षेप नव्हता, भीती होती, की पालक येऊन भांडतील, आणि मुलांनी अवघड प्रश्न विचारला तर आपल्याला नीट उत्तर देता येणार नाही.

मला हा आकडा वाचून आमचे दहावीचे सर आठवले. ते अगदी मऊ स्वभावाचे, कट्टर वगैरे अजिबात नाहीत. त्या धड्याला आले आणि फळ्याकडं तोंड करून म्हणाले, "हे थेअरी आहे फक्त. मार्कापुरतं करा." मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "असं काय सांगायल्यात सर, मग देवानं केलंय ते खोटं काय?" सर गप्पच झाले. मग पुस्तक मिटून पुढच्या धड्याचं नाव लिहिलं. ते नाव लिहिताना खडू दोनदा मोडला हे मला अजून दिसतं. आमच्या वर्गात लिंगायत होते, जैन होते, मुसलमान होते, दोन-तीन ख्रिश्चन होते, माळकऱ्यांची मुलं होती, आणि सर त्याच गावात राहणारे, संध्याकाळी ह्यांच्याच बापांबरोबर कट्ट्यावर बसणारे. त्या प्रश्नाचं उत्तर कसं दिलं तर कुणाचं मन दुखणार नाही हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. बीएडला शिकवलं असेल असं वाटत नाही.

"थेअरी आहे फक्त" ह्यावर जरा थांबतो. बोलताना आपण म्हणतो ना, माझी एक थेअरी आहे, म्हणजे अंदाज. विज्ञानात थेअरी म्हणजे भरपूर पुराव्यांवर उभं राहिलेलं स्पष्टीकरण, जंतूंमुळं रोग होतो ही पण थेअरीच आहे. मराठीत आपल्याकडं तर 'सिद्धांत' हा नेमका शब्द आहे, सिद्ध होऊन शेवटाला आलेलं. सरांनी "हा सिद्धांत आहे" एवढंच म्हटलं असतं तरी अर्थ उलटा झाला असता.

श्रद्धेचा परिणाम प्रत्येक धर्मात वेगळ्या जागी होतो, हे पण समजून घ्यायला पाहिजे, नाहीतर आपण अमेरिकेचं भांडण उचलून बेळगावात आणतो. बायबल शब्दशः मानणाऱ्यांना मुख्य अडचण काळाची, सतराव्या शतकात जेम्स अशर ह्या आर्चबिशपनं हिशेब मांडून निर्मितीचं साल इसवी सनापूर्वी ४००४ काढलं होतं. पण सगळे ख्रिश्चन तसे नाहीत, कॅथलिक चर्चमधे १९५० ला पोप पायस बाराव्यांनी ह्या अभ्यासाला वाट मोकळी ठेवली आणि १९९६ ला पोप जॉन पॉल दुसऱ्यांनी तर हे नुसत्या तर्काच्या पुढचं आहे असं सांगितलं. बऱ्याच मुसलमान घरांत झाडाझुडपांबद्दल, प्राण्यांबद्दल फारसं म्हणणं नसतं, पहिला माणूस आदम, त्याच्यापाशी येऊन प्रश्न पडतो. जैनांत तर जग कुणी निर्माण केलं असं मानतच नाहीत, ते अनादी आहे, आणि जिवांची मांडणी एकेंद्रियापासनं पंचेंद्रियापर्यंत केलेली, त्यामुळं जैन मुलाला ही मांडणी आणि उत्क्रांती एकच वाटू शकते, जी ती नाही.

आणि हिंदू घरात काळाची अडचणच नाही. एक कल्प ४३२ कोटी वर्षांचा, पृथ्वीचं वय शास्त्रज्ञ ४५४ कोटी सांगतात, मोठ्या आकड्याला आपण घाबरत नाही. आपल्याकडं होतं ते वेगळंच, "हे आमच्याकडं आधीच होतं". मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, बघा पाण्यातनं जमिनीवर, प्राण्यातनं माणूस, झाली की उत्क्रांती! कितीतरी शिक्षक अगदी प्रेमानं असं शिकवतात, त्यांना वाटतं ह्यानं मुलांना विषय जवळचा वाटेल. मला त्यांचा हेतू कळतो, पण ह्यानं दोन्हीचं नुकसान होतं. अवतार एकमेकांची पिल्लं नाहीत. वराहापासनं वंश चालत येऊन नरसिंह झाला असं कुठलंच पुराण सांगत नाही, देव भक्तासाठी धावून आला ही ती गोष्ट आहे. तिथं पिढ्या नाहीत, पिढीतले फरक नाहीत, निवड नाही. डुक्कर आपला पूर्वज पण नाही. आणि हा सारखेपणा लोकांना दिसला कधी? १८७७ मधे थिऑसॉफीवाल्या ब्लाव्हाट्स्की बाईंनी लिहिलं, १८८२ मधे बंगालच्या ब्राह्मो समाजातल्या केशवचंद्र सेनांनी सांगितलं, दोन्ही डार्विनच्या पुस्तकानंतर. त्याआधी शेकडो वर्षं कीर्तनात दशावतार ऐकणाऱ्यांना त्यात भक्तीच दिसली, आणि ती पुरेशी होती.

वरनं पण अधनंमधनं असं काही येतं की शिक्षकाची भीती वाढते. २०१८ च्या जानेवारीत केंद्रातले शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचं चूक आहे, माकडाचा माणूस होताना कुणी बघितलं नाही, शाळेत बदललं पाहिजे. तेव्हा देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी मिळून ते बरोबर नाही असं पत्रक काढलं. मग २०२३ मधे एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातनं तो भाग गेला, कारण सांगितलं मुलांवरचा भार, आणि बारावीला आहे म्हणाले. बारावीला आहे हे खरं आहे. पण बारावीला जीवशास्त्र घेणारी मुलं किती? जो कॉमर्सला गेला, आयटीआयला गेला, जी दहावीनंतर घरी बसली, त्यांचा हा शेवटचा चान्स होता. १८०० च्या वर शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी पत्रावर सह्या करून हेच सांगितलं.

आता दुसऱ्या बाजूचं सांगतो, कारण श्रद्धा असलेला शिक्षक म्हणजे वाईट शिकवणारा असं कुणाला वाटू नये. थिओडोसियस डोब्झान्स्की हा विसाव्या शतकातला उत्क्रांतीचा फार मोठा शास्त्रज्ञ, ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन, देव मानणारा. १९७३ मधे त्यानं खास जीवशास्त्र शिक्षकांसाठीच लेख लिहिला की उत्क्रांतीच्या उजेडाशिवाय जीवशास्त्रातल्या कशाचाच अर्थ लागत नाही. आणि मी ज्यांच्याकडनं हे खरं शिकलो त्या बाई गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्या, एकादशी न चुकवणाऱ्या.

दहावी झाल्यावर कॉलेजात आम्हाला त्या जीवशास्त्राला होत्या. एकदा आवारातल्या झाडाशेजारच्या तारेला चिकटून एक मोठं वटवाघूळ मरून पडलं. मुलं काठीनं ढोसत होती. बाईंनी कुणाला हात लावू दिला नाही, वर्तमानपत्रावर उचलून आणायला लावलं आणि दोन काड्यांनी त्याचा पंख हळूहळू उलगडला, छत्री उघडावी तसा. मग म्हणाल्या, "आता आपला आपला हात चाचपा." खांद्यापासनं कोपरापर्यंत एक हाड. त्या वाघळाला पण एक. कोपराच्या खाली आपल्याला दोन, त्याला पण दोन, त्यातलं एक अगदी बारीक झालेलं. मग मनगट, आणि मग बोटं. पंख म्हणून जे दिसत होतं त्यातल्या चार लांबच लांब काड्या म्हणजे त्याची चार बोटं होती, मधे कातडं ताणलेलं, आणि वर आकड्यासारखा होता तो अंगठा. आम्ही पाच मोजली. वर्गात कुणी बोलेना. नुसतं उडायचंच असतं तर अशी हाताची हाडं ताणून कशाला वापरायची, किड्याच्या पंखात एक पण हाड नसतं. हाताचाच पंख झालाय कारण आधी हात होता. अशा एकाच पूर्वजाकडनं आलेल्या पण वेगळ्या कामाला लागलेल्या अवयवांना समजात अवयव म्हणतात हे नंतर कळलं, पण ते पंख बघताना जे वाटलं ते अजून अंगावर येतं.

तेव्हा एका मुलीनं तोच प्रश्न विचारला, देवाचा. बाई म्हणाल्या, "मी रोज हरिपाठ म्हणते, आणि हे पण शिकवते. हा पंख कसा झाला ते हाडांना विचारायचं, हाडं खोटं बोलत नाहीत. देवाचं मी हाडांना विचारत नाही." आणि लगेच सांगितलं की आपल्याच खानापूर तालुक्यात, तळेवाडीजवळच्या बारापेडेच्या गुहांत एक वटवाघूळ राहतं जे १९१३ मधे शास्त्राला पहिल्यांदा तिथनंच कळलं, रॉटनचं वटवाघूळ, जगात फार थोड्या ठिकाणी सापडतं. तो भाग आता भीमगड अभयारण्यात आहे. आमच्यातल्या निम्म्यांना आपल्या तालुक्याचं नाव असं पुस्तकात असेल हे माहीतच नव्हतं.

बाईंनी कुणाची श्रद्धा काढून घेतली नाही आणि प्रश्न पण टाळला नाही, एवढंच त्यांनी केलं. अमेरिकेत पण २००७ चा तो सर्व्हे २०१९ ला परत केला तेव्हा उत्क्रांती ठामपणे शिकवणारे, निर्मितीची बाजू मधे न घालणारे शिक्षक ५१ टक्क्यांवरनं ६७ वर गेलेले दिसले (हे माप वरच्या २८ टक्क्यांच्या मापापेक्षा वेगळं आहे). मधल्या काळात शिक्षक काय नास्तिक झाले नव्हते. अभ्यासक्रमात स्पष्ट लिहिलं गेलं आणि शिक्षकांची तयारी जास्त चांगली झाली. आमच्या सरांना पण कुणी दोन दिवस बसवून माकडाचा प्रश्न आला तर काय बोलायचं, देवाचा आला तर काय बोलायचं एवढं सांगितलं असतं तर तो खडू मोडला नसता असं मला वाटतं.

गणपतीतल्या त्या दुपारी मी दोघींना चंदगडचं पुस्तक उघडायला लावलं आणि आम्ही तिघं तो धडा घेऊन बसलो. अवशेषांगं आली, म्हणजे पूर्वजांच्या कामाची पण आपल्याला फारशी कामाची न राहिलेली अंगं. अक्कलदाढ, अपेंडिक्स, आणि माकडहाड. बेळगावचीनं पाठीमागं हात नेऊन मणक्याच्या खालचं टोक चाचपलं, म्हणाली खरंच आहे की! आजी शेजारी निर्माल्य निवडत बसली होती. मागच्या पावसाळ्यात पायरीवरनं घसरून तिचं तेच हाड दुखावलं होतं, महिनाभर उशीवर बसत होती. ती म्हणाली, "डॉक्टरनं ह्याचंच नाव घेतलं होतं गे. माकडहाड म्हणून. तेव्हा विचारायचं राहिलंच, ह्याला माकडहाड कशाला म्हणतात?"

दोघी एकदमच सांगायला लागल्या.